ठेव, उपभोग आणि वासरू

परक्याची वस्तू आपल्या घरात किती वर्षे राहिली म्हणजे ती आपली होते? वरवर पाहता प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही ठरलेले आहे : कधीच होत नाही. परंतु ज्या प्रश्नांची उत्तरे आपल्याला फार लवकर सापडतात, त्यांच्याकडे आपण पुन्हा वळून पाहत नाही. वाचकांनी आपापल्या घरात एकदा नजर फिरवावी. शेजाऱ्यांकडून वाचायला आणलेले आणि परत न गेलेले एखादे पुस्तक, बदलीच्या वेळी कुणी आपल्याकडे ठेवून गेलेले तांब्याचे घंगाळ, लग्नघरातून चुकून आलेली परात, असे काही ना काही बहुतेकांकडे सापडेल. आपल्या समाजात तर ते अधिकच सापडेल. शिंदे-होळकरांच्या काळात माळव्यात आणि ग्वाल्हेरीत आलेली घराणी असोत, किंवा १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाल्यावर नागपूर, इंदूर, ग्वाल्हेरहून सरकारी कचेऱ्यांच्या मागोमाग भोपाळला आलेली नोकरदार कुटुंबे असोत, थोडे सामान मागे ठेवून पुढे जाणे हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. मागे राहिलेले ते सामान कुणाच्या तरी विश्वासावर राहिलेले असते.

या प्रश्नाकडे मी तत्त्वचिंतनाच्या ओढीने वळलो असे म्हणणे खोटे ठरेल. त्याने मला बिट्टन मार्केटच्या हाटात, हातात मेथीची जुडी असताना गाठले.

२०२२ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या शेजाऱ्यांचा भाचा पुण्याहून आला होता. फराळाला आमच्याकडे आला असता त्याने बैठकीतला जुना स्टिरिओ संच पाहिला आणि तो फराळ विसरूनच गेला. अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या धातूच्या पट्टीवरून त्याने हलकेच बोट फिरवले, स्पीकरच्या सागवानी पेटीमागे वाकून पाहिले, तबकडीची सुई तपासली. दोन दिवसांनी भाजी घेताना तोच मुलगा मला भेटला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तो सेट तुम्ही द्यायचा ठरवलात तर मी चाळीस हजार देईन. रेकॉर्डचे वेगळे." मी ताबडतोब उत्तर दिले, "विकायचा नाही रे बाबा." त्याने हसून मान डोलावली आणि तो निघून गेला. मीही पुढच्या ठेल्याकडे वळलो. पण अकरा नंबरच्या स्टॉपकडे जाताना मनात एक खडा टोचू लागला. 'विकायचा नाही' असे म्हणण्याचा अधिकार ज्याला विकता येते त्यालाच असतो. मला तो संच विकता येत होता का? तो माझा होता का?

तो माझा नव्हता.

१९९९ साली माझे एक वरिष्ठ सहकारी आणि जिव्हाळ्याचे स्नेही यांची बदली जगदलपूरला झाली. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना केवळ 'मित्र' म्हणतो, जरी ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे होते आणि मी त्यांना कधी अरे-तुरे केले नाही. शासकीय क्वार्टर सोडताना त्यांनी पलंग-कपाटे ट्रकवर चढवली आणि हा संच मात्र स्वतः रिक्षातून माझ्याकडे आणला : भारतीय बनावटीचा एक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर, दर बाजूला जेमतेम वीस-पंचवीस वॉटचा, फिलिप्सचे सुटे स्पीकर आणून ग्वाल्हेरच्या सुताराकडून सागवानी पेट्यांत बसवून घेतलेली जोडी, तबकड्यांचा वादक, आणि साठ-सत्तर ध्वनिमुद्रिका. "बस्तरचा पावसाळा याला मानवणार नाही. काही महिने राहू द्या तुमच्याकडे. परत आलो की घेऊन जाईन," एवढेच ते म्हणाले.

परत येणे झाले नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य विभागले गेले आणि कर्मचाऱ्यांच्या वाटणीत ते छत्तीसगढकडे गेले. कितीतरी घरांची त्या वाटणीत अशीच ताटातूट झाली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यांनी रायपूरला घर बांधले. कामानिमित्त दोन-तीनदा ते भोपाळला आले, आमच्याकडे जेवले, एकदा रात्री बसून अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकला; पण संचाबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. २०११ साली ते गेले. मी रायपूरला भेटायला गेलो, वहिनींसमोर तासभर बसलो आणि परत आलो. शोकाच्या घरी सामानाच्या गोष्टी काढू नयेत, असे मी मनाला समजावले. २०१६ साली वहिनीही गेल्या. त्या वेळी तर मी केवळ फोन केला.

आता त्या उपभोगाविषयी सांगितले पाहिजे, कारण उपभोग किती खरा होता हे सांगितल्याशिवाय अपराध किती खरा होता हे कळणार नाही.

पहिली पाच वर्षे संच चादरीत गुंडाळून माळ्यावर होता. २००४ साली अरेरा कॉलनीत स्वतःचे घर झाले, बैठकीची एक भिंत मोकळी दिसली, आणि मी तो खाली उतरवला. सुरू केला तेव्हा संगीताऐवजी एक जाड गुणगुण ऐकू आली. जुन्या शहरातील एका वृद्ध कारागिराकडे मी तो नेला. त्यांनी झाकण उघडून मला समजावले की, वीजपुरवठ्यातले कंडेन्सर सुकले आहेत. आत ओला द्राव असतो, तो वर्षानुवर्षांनी आटतो. आणि वस्तू वापरात नसली तर आतला सूक्ष्म थरही खराब होतो. "साहब, मशीन को बंद रखना भी उसको मारना है," हे त्यांचे वाक्य मी पुढे माझ्या समर्थनार्थ अनेकदा वापरले. कंडेन्सर बदलले, आवाजाच्या बटणातली खरखर साफ केली, आणि संच बोलू लागला.

ज्यांनी केवळ खिशातल्या फोनवर गाणे ऐकले आहे, त्यांना त्या संध्याकाळचे वर्णन अतिशयोक्त वाटेल. तानपुरा दोन्ही पेट्यांमधून नव्हे, तर त्यांच्या मधल्या रिकाम्या भिंतीतून येत होता. तबल्याच्या बायाँवर तळहात घासल्याचे कळत होते. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची, १९६० साली निघालेली मारवा आणि दरबारीची तबकडी मी यापूर्वीही ऐकली होती. पण त्यांच्या विलंबित बढतीमधला एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंतचा अवकाश किती भरलेला आहे, हे मला त्या संचाने शिकवले. देवासच्या कुमार गंधर्वांच्या गाण्यातला, क्षयाच्या आजारानंतरच्या त्या छोट्या छोट्या झेपांमधला श्वास मला प्रथम तेथेच ऐकू आला. पुढील अठरा-एकोणीस वर्षे कचेरीतून आल्यावर, आणि निवृत्तीनंतर तर दुपारीही, माझा एक तास त्या भिंतीसमोर जाऊ लागला.

जुन्या संचांचा आवाज इतका गोड का लागतो, याचा मी नंतर थोडा अभ्यास केला. आज आपण वापरतो त्या प्रकारच्या स्पीकरचे शास्त्र, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी मांडले. गेल्या शंभर वर्षांत त्या मूळ रचनेत आश्चर्यकारक वाटावा इतका कमी फरक पडला. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान पेटीतून खर्जाचा आवाज काढला, आणि मोठी यंत्रे मध्यमवर्गीय बैठकीत आली. या साऱ्या खटाटोपाचे ध्येय 'हाय फिडेलिटी' या शब्दात आहे. आपण त्याचे 'हाय-फाय' केले आणि अर्थ हरवला. फिडेलिटी म्हणजे इमान. मूळ आवाजाशी इमान.

आणि गंमत अशी की जुने संच पूर्ण इमानी नसतात. विशेषतः निर्वात नळ्यांच्या यंत्रांत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर किंचित मिसळला जातो. मूळ स्वराशी सुसंवादी असल्यामुळे ती भेसळ कानाला भरदार लागते. लाकडी पेटी स्वतःची थोडी घुमार देते. त्यात ऐकणाऱ्याचे वय. साठीनंतर कानाला अतितार आवाज ऐकू येईनासे होतात, ही निसर्गाची रीतच आहे. म्हणजे मी 'अस्सल' म्हणून ज्याचा आनंद घेत होतो, तो यंत्राच्या, लाकडाच्या आणि माझ्या उतरत्या श्रवणशक्तीच्या तिहेरी सौम्यपणातून गाळून आलेला आवाज होता. यात वाईट काही नाही. गोड भेसळ ऐकून कुणाची फसवणूक होत नाही. पण स्वतःच्या वर्तनाचा हिशेबही माणूस असाच गोड भेसळ करून ऐकू लागला तर? त्या हाटानंतरच्या दिवसांत मी नेमके तेच करीत होतो, आणि ती भेसळ कशी असते हे प्रामाणिकपणे मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

माझा पहिला युक्तिवाद होता : मी वापरला म्हणूनच तो टिकला. यात तथ्य आहे. माळ्यावर राहिला असता तर तो भंगार झाला असता आणि कबाडखान्यात किलोच्या भावाने गेला असता. सेवाकाळात निरुपयोगी साहित्याच्या अपलेखनाच्या याद्यांवर मी शेकडो सह्या केल्या आहेत. वस्तू मोडून निरुपयोगी होण्यापेक्षा न वापरल्याने निरुपयोगी झालेल्याच त्यांत अधिक असत. पण या युक्तिवादातून एवढेच निष्पन्न होते की वापरणे योग्य होते. ठेवून घेणे योग्य होते, हे त्यातून निघत नाही.

दुसरा युक्तिवाद : मित्राने कधी मागितले नाही, म्हणजे त्यांनी तो मला दिलाच. हा अधिक कपटी आहे, कारण तो दुसऱ्याच्या सौजन्याचे रूपांतर आपल्या हक्कात करतो. आपल्या पिढीत आणि त्यांच्या तर अधिकच, दिलेली वस्तू परत मागणे हे ओशाळवाणे मानले जाई. ते मागत नव्हते, कारण मी विचारीन अशी त्यांची अपेक्षा असणार. त्यांचा संकोच आणि माझे मौन यांची बेरीज दानपत्र होत नाही.

तिसरा : वस्तू तिच्यावर प्रेम करणाऱ्याची. हा ऐकायला सर्वांत सुंदर आहे. त्यांच्या मुलीला त्याचे काय मोल? तिच्या घरी तो धूळ खात पडेल. परंतु हा युक्तिवाद जगातील प्रत्येक बळकावणाऱ्याने केला आहे. शिवाय, मुलीला त्याचे मोल नाही हे मला कसे कळले? मी तिला विचारले होते का?

चौथा युक्तिवाद ग्रीकांच्या कथेतून आला. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेली, तर शेवटी ते तेच जहाज उरते का, हा कूटप्रश्न प्लूटार्कने नोंदवला आहे. माझ्या खर्चाने कंडेन्सर बदलले, दोनदा सुई बदलली, एका स्पीकरचा शंकू पुन्हा बसवून घेतला. मग तो संच काही अंशी माझा नाही का? या कूटप्रश्नावर विद्वानांनी बरेच लिहिले आहे, पण एक गोष्ट मला जाणवली. जहाज तेच उरले की नाही यावर वाद होऊ शकतो. पण फळ्या बदलणारा सुतार जहाजाचा राजा झाला असे मात्र आजवर कुणी म्हटलेले नाही.

अखेर मी माझ्या जुन्या सवयीने कायद्याचे पुस्तक काढले. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये 'निक्षेप' हे स्वतंत्र प्रकरण कलम १४८ पासून सुरू होते. विषय जुनाच आहे. मनुस्मृतीत आणि नारदस्मृतीत व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाचे नाव येते. आपल्या पूर्वजांना कर्जाच्या खालोखाल ठेवीची भांडणे महत्त्वाची वाटली, यावरून माणसाचा स्वभाव तेव्हापासून आजवर बदललेला नाही हे दिसते. अधिनियम सांगतो की ठेव घेणाऱ्याने ती आपल्याच वस्तूइतक्या काळजीने सांभाळावी. फुकट सांभाळणाऱ्याने केलेला आवश्यक खर्च ठेवणाऱ्याने भरून द्यावा. मला क्षणभर बरे वाटले. पण पुढे हेही आहे की ठरल्याबाहेर वापर केला आणि त्यात नुकसान झाले तर जबाबदारी घेणाऱ्याची. आणि मुदत? १९६३ च्या मुदत अधिनियमात जंगम ठेव परत मिळवण्यासाठी तीन वर्षे सांगितली आहेत, पण ती मोजायची मागितल्यानंतर नकार मिळाल्याच्या तारखेपासून. ज्याने कधी मागितलेच नाही, त्याच्याविरुद्ध काळाचे घड्याळ सुरूच होत नाही. चोवीस वर्षे माझ्या घरात राहूनही तो संच कायद्याने एका दिवसानेही माझा झालेला नव्हता.

पण मला खरे थांबवले ते कलम १६३ ने. ठेवीतून जी वाढ किंवा जो लाभ होईल, तोही अन्य करार नसल्यास ठेवणाऱ्याचाच. कायद्याने उदाहरण दिले आहे : एकाने दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली, तिला वासरू झाले, परत करताना गायीबरोबर वासरूही द्यायला हवे. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात ती गाय आणि ते वासरू पाहून मी बराच वेळ स्तब्ध बसलो. संच परत करणे शक्य होते. पण त्याला जे वासरू झाले होते, त्या एकोणीस वर्षांच्या संध्याकाळी, घडलेला कान, कळलेला मारवा, ते कसे परत करायचे?

येथे एक कबुली दिली पाहिजे. हे सारे समजल्यावरही मी आठ महिने काहीच केले नाही. तत्त्व कळणे आणि फोन उचलणे यांत केवढे अंतर असते! आज करू, पावसाळा संपू दे, असे चालले होते. माझे वाचन आणि टिपणे पाहून शेवटी पत्नी म्हणाली, "अहो, एवढी कलमं कशाला? मुलीचा नंबर आहे ना आपल्याकडे?" त्या एका वाक्याने माझ्या साऱ्या मीमांसेचे खरे स्वरूप मला दिसले. विचार करणे हाही टाळण्याचा एक प्रतिष्ठित मार्ग असू शकतो.

२०२३ च्या जुलैमध्ये मी फोन केला. मुलगी आता चाळिशीची आहे, रायपूरला शिकवते. मी अडखळत सांगितले की तुझ्या बाबांचा संच आमच्याकडे आहे, बराच काळ आहे, आणि मी तो वापरला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, मला वाटत होतं तो कधीच मोडला असेल. आईला विचारायचा धीर झाला नाही, आणि तुम्हाला विचारलं तर तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं." ज्या संकोचाने वडील बोलले नाहीत, त्याच संकोचाने मुलगीही बोलली नव्हती, आणि त्या दोन पिढ्यांच्या संकोचाच्या सावलीत मी आरामखुर्ची टाकून बसलो होतो.

ती दिवाळीच्या सुटीत आली. संच नेण्याची तयारी मी करून ठेवली होती : तबकड्यांची यादी, दुरुस्त्यांची नोंद, आणि कोणत्या बाजूची वायर हलली की आवाज जातो याचे टिपण. तिने दुरुस्तीचा खर्च विचारला. कायद्याने तो मला मागता आला असता; पण एकोणीस वर्षांचे भाडे मी दिलेले नव्हते, म्हणून तो हिशेब तिथेच मिटवला. मग तिने जे विचारले त्याची मला कल्पना नव्हती. "बाबा काय ऐकायचे, काका? मी लहान होते, मला फक्त दार लोटलेलं आठवतं."

आणि मला ते ठाऊक होते. कोणत्या तबकडीच्या कोणत्या बाजूला जास्त ओरखडे आहेत, म्हणजे ती अधिक वाजली आहे, हे इतक्या वर्षांत मला पाठ झाले होते. दरबारीची बाजू जवळजवळ कोरी आणि मारव्याची झिजलेली. एका नाट्यपदांच्या तबकडीवर एकाच पदाच्या सुरुवातीला पुन्हा पुन्हा सुई टेकवल्याची खूण. एका पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख, ती तिच्या जन्माची निघाली. ती सारी संध्याकाळ आम्ही एकेक तबकडी लावत राहिलो, आणि मी जे जे सांगू शकलो ते ते सांगितले. वासरू परत करण्याचा दुसरा मार्ग मला सापडला नाही. पूर्ण परत झाले असेही मी म्हणत नाही. उपभोगलेले सुख परत घेता येत नाही. फार तर त्यातून जे कळले ते खऱ्या मालकाच्या हवाली करता येते.

ईशोपनिषदाचा पहिलाच मंत्र उपभोगाला नकार देत नाही. तो उपभोग घ्यायलाच सांगतो, पण त्यागाच्या वृत्तीने, आणि दुसऱ्याच्या धनाचा लोभ न धरता. लहानपणापासून ऐकलेल्या या वचनाला मी नेहमी विरक्तीचा उपदेश समजत आलो. आता मला वाटते, ते ठेवीचे शास्त्र आहे. वस्तू आपली नाही हे रोज आठवत असताना तिचा जो आनंद घेतला जातो, तो मुळीच कमी नसतो. उलट मालकीची भेसळ नसल्यामुळे तो मूळ स्वराच्या अधिक जवळ असतो. माझी चूक ऐकण्यात नव्हती. कुणाचे ऐकतो आहोत हे विसरण्यात होती. तेवढी एक गोष्ट मी २००४ सालीच फोन करून सांगितली असती, तर ती सारी वर्षे मला निर्वेधपणे मिळाली असती. कदाचित मित्रही अधिक वेळा आले असते, आणि मारवा आम्ही एकाऐवजी अनेक रात्री ऐकला असता. मौनाने मी संच राखला आणि सोबत गमावली.

बैठकीतली ती भिंत आता रिकामी आहे. दोन पेट्यांच्या जागी रंगाचे दोन ताजे चौकोन दिसतात. पत्नी रंग देऊ या म्हणते, मी अजून होकार दिलेला नाही. मुलाने हाताच्या मुठीएवढा एक स्पीकर आणून दिला आहे. त्यावर तबल्याचा बायाँ नीट ऐकू येत नाही. पण खाँसाहेबांचा मारवा लागला की त्या दोन चौकोनांच्या मधल्या भिंतीतून तो येत असल्याचा भास अजूनही होतो. परवा रायपूरहून फोन आला होता. उजव्या बाजूचा आवाज जातो म्हणून ती विचारत होती. मी म्हटले, "टिपणातलं तिसरं वाक्य बघ. वायर जरा आत दाब." फोन ठेवण्यापूर्वी पलीकडून तानपुरा सुरू झाल्याचे मला ऐकू आले.